फक्त मजकूर पाठवा

ईरा, गेल्या रविवारी फोनवर तू चिडून म्हणालीस, "आजी, आमच्या नव्या सरांनी असाइनमेंट प्लेन टेक्स्टमध्ये मागितलीय. फॉन्ट नाही, रंग नाही, शीर्षकसुद्धा ठळक करायचं नाही. असं कोण मागतं?"

मी "हो का" म्हणून विषय बदलला. तुझी बस यायची होती आणि उत्तर लांब होतं. उत्तर असं की, तुझी आजी मागायची. महाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवताना शेवटची काही वर्षं मी हेच मागत होते, आणि त्यावरून अर्ध्या बाजारपेठेशी माझं भांडण झालं होतं. इथल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी "नोकरीतलं काही लिहा" असा निरोप आलाच आहे, तेव्हा तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला, आरुषला, जे सांगायचं तेच अंकाला देते. आरुषला जोडाक्षरं अडली तर तुमच्या आईने वाचून दाखवावं.

आधी आमचं काम काय असायचं ते सांगते. वर्षाच्या शेवटी विद्यापीठाची परीक्षा ऐंशी गुणांची. उरलेले वीस गुण आमच्या हातात. त्यासाठी मुलांनी काहीतरी लिहून आणायचं, त्याला सगळे 'सबमिशन' म्हणत. या वीस गुणांत वेगळं पास व्हावं लागायचं, म्हणून मुलं त्यासाठी जिवाचं रान करत. पण हे रान ती लिहिण्यात करत नसत. ती शफीभाईंच्या दुकानात करत.

शफीभाईंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान एसटी स्टँडच्या समोर. गुडघे दुखत असूनही दिवसभर उभे, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. मुलगा हाताने लिहिलेली दोन पानं घेऊन आत जायचा आणि बाहेर यायचा तेव्हा त्याच्या हातात चौदा पानांचं पुस्तक असायचं. वर चकचकीत प्लास्टिक, बाजूला गुंडाळीची तार, पहिल्या पानावर कमानीत नाव, खाली मुलाचा कोट घातलेला फोटो. तो कोटही दुकानातलाच. मग प्रमाणपत्र, मग अनुक्रमणिका, मग ऋणनिर्देश. एका मुलाच्या ऋणनिर्देशात दासगावच्या एसटी कंडक्टरचं नाव होतं, सुट्ट्या पैशांसाठी त्रास न दिल्याबद्दल. प्रत्येक पानाला गुलाबाच्या वेलीची चौकट. चौकटीने इतकी जागा घ्यायची की मजकूर मध्ये चिमणीच्या अंगणाएवढा उरायचा.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर तारीख. मला ही सजावट सहन होत नसे, पण मी बरीच वर्षं सहन केली. ते थांबवलं नदीने.

महाडला सावित्रीचं पाणी येतं, हे तुम्ही भिंतींवरच्या खुणांवरून पाहिलं आहे. एका वर्षी ते आमच्या विभागाच्या कपाटात तिसऱ्या फळीपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सगळी सबमिशन्स फुगून एक वीट झाली होती. गुलाबांचा रंग सुटून गाळ गुलाबी झाला होता. गुण अजून भरायचे होते. दीडशे मुलांपैकी एकीचंच काम वाचलं. नाते गावची एक मुलगी कावीळ होऊन घरी पडली होती आणि तिने भावाच्या फोनवरून ई-मेलमध्ये नुसता मजकूर लिहून पाठवला होता. बाकी सगळ्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा वाचलं. दोन्ही बाजूंना शिक्षा झाली.

पुढच्या वर्षी मी फळ्यावर नोटीस लावली. काम ई-मेलने पाठवावे. साध्या मजकुरात, म्हणजे नोटपॅडची फाइल किंवा ई-मेलमध्येच लिहिलेले. चित्र, चौकट, रंग, फोटो नको. छापील प्रत नको. नियम मोडल्यास शून्य.

साधा मजकूर म्हणजे अक्षरं, रिकाम्या जागा आणि विरामचिन्हं. बाकी काही नाही. अशी फाइल इतकी हलकी असते की पोलादपूरच्या वरच्या गावांत, जिथे फोनला जेमतेम एक काडी रेंज येते, तिथूनही निघते. कुठल्याही जुन्या संगणकावर उघडते. आणि तिच्यात लपायला जागा नसते. मुलाने दोन ओळी लिहिल्या असतील तर दोनच दिसतात.

नोटीस लावली त्याच दुपारी शफीभाई कॉलेजात आले. दाराबाहेर चपला काढल्या, मी नको म्हणत असताना.

"मॅडम, ती नोटीस तुमची?"

"माझीच."

"फुलं नको?"

"नको."

"बॉर्डरपण नको? एक लाइनची, साधी?"

"साधीसुद्धा नको, शफीभाई."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. "मग पोरानं मेहनत घेतलीय हे तुम्हाला कळणार कसं?"

"वाचून."

"वाचून?" त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर केला. "अख्खं?"

"अख्खं."

"इतकी वर्षं दुकान चालवतोय. अख्खं वाचणारे सर मला अजून भेटायचेत."

"आज मॅडम भेटल्या," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. घरी येऊन मी ते तुमच्या आजोबांनाही ऐकवलं. ते नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या वर्षी गंमत झाली. पाचाडच्या एका मुलाच्या घरची गडाखाली खानावळ. तो फोनवर निबंध लिहायचा आणि त्याच फोनवर गिऱ्हाइकांची ऑर्डरही लिहून घ्यायचा. प्रदूषणावरच्या त्याच्या निबंधात दुसऱ्या परिच्छेदानंतर एकदम आलं, 'चार पिठलं-भाकरी, एक बिनतिखट, म्हातारीला गरम पाणी.' मग पुन्हा प्रदूषण. ते वाक्य काढून टाकायला मी सांगितलं खरं, पण अख्ख्या निबंधात जिवंत तेवढंच होतं. दासगावच्या यासीनचे वडील आखातात नोकरीला. पूर्वी मुलाचं सबमिशन त्यांना कधी दिसत नसे. आता यासीन मला पाठवायच्या आधी त्यांना पाठवू लागला, आणि ते जेवणाच्या सुट्टीत वाचून त्याच्या चुका काढू लागले. एकदा त्यांनीच मला लिहिलं, 'मॅडम, तुम्ही तिसऱ्या ओळीतली चूक सोडलीत.' सोडली होती.

आणि एक महाभाग होता, प्रथमेश. मी फाइलचा आकार बघून गुण देते, अशी त्याची समजूत. त्याने सुरुवातीला दहा ओळी लिहिल्या आणि पुढची चार पानं कीबोर्डवर हात फिरवून भरली. नुसता कचरा: अक्षरं, डॉलरच्या खुणा, स्वल्पविराम. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, भाताच्या पोत्यात थोडा भुसा असतोच की." त्याला शून्य दिलं आणि तसं फळ्यावर लावलं. मुलं बरेच दिवस त्याला 'भुसा' म्हणत. त्याने ते मनावर घेतलं नाही. मी मात्र घेतलं. तेव्हापासून माझा डोळा भुसा शोधायला लागला.

आता सुजाताची गोष्ट.

सुजाता दुसऱ्या वर्षाला होती. पोलादपूरच्या वर डोंगरात तिची वाडी. तिथल्या फाट्यावरून सकाळी एक एसटी खाली येते, दुपारी एक वर जाते. त्या एसटीने ये-जा करून कॉलेज होत नाही. पहिला तास बुडतो आणि शेवटचे दोन. ती शिकू शकत होती ती महाडच्या मुलींच्या वसतिगृहात एक खाट मिळाली होती म्हणून. वसतिगृहाचा नियम साधा होता: एकाही विषयात नापास झालं की खाट दुसऱ्या मुलीला. रांगेत पुष्कळ जणी होत्या. म्हणजे माझ्या वीस गुणांवर तिची खाट होती आणि खाटेवर कॉलेज. मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

त्या वर्षीचं काम मी मोठ्या हौसेने ठरवलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या एखाद्या कामाबद्दल बोलतं करायचं, ते बोलणं जसंच्या तसं मराठीत लिहायचं, आणि खाली त्याचं इंग्रजी करायचं. बहुतेकांनी फोनवर टाइप केलं. सुजाताकडे तसा फोन नव्हता. तिने वहीत लिहिलं आणि शफीभाईंकडे टाइप करायला दिलं. वर बजावलं, "मॅडमना साधं पायजे. नोटीस बघितलीत ना?"

तिची फाइल मी एका गुरुवारी उघडली. त्या दिवशीची एकेचाळिसावी. पहिल्या ओळीपासून नुसता कचरा: इंग्रजी अक्षरं, मध्येच आकडे, कंस, उलटी चिन्हं. मी पानभर खाली गेले. तसंच. अजून अर्धं पान. तसंच. भुसा. मी फाइल बंद केली, शून्य लिहिलं आणि शुक्रवारी फळ्यावर तिच्या नावापुढे लाल शाईने 'खोडसाळपणा' असा शेरा लावला.

सुजाता माझ्याकडे आली नाही. तिने फळा वाचला आणि शनिवारच्या एसटीने घरी गेली. गुण ऑनलाइन भरायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपणार होती.

सोमवारी अकराच्या सुमारास विभागाच्या दारात एक म्हातारी बाई उभी. लुगड्याचा काष्टा, हातात कापडी पिशवी, अंगाने काडी, पण आवाज असा की पलीकडच्या इतिहास विभागातले सर बाहेर येऊन बघू लागले. तिच्या मागे सुजाता, मान खाली.

"इंग्रजीची बाई कंची?"

"मीच. बसा ना."

"मी हिची आजी. पार्वती. मी बोलले ते तू शून्य केलंस?"

"आजी, तुम्ही म्हन गो," सुजाता पुटपुटली.

"म्हंते. तुम्ही शून्य केलंत?"

मी म्हणाले, "आजी, तुमच्या बोलण्याला नाही केलं. हिने काही लिहिलंच नाही. नुसती बटणं दाबली आहेत."

"लिवलंय. मी चुलीपाशी बसून सांगितलं, हिनं वहीत लिवलं. दोन सांजा. एक शब्द जास्ती नाय, एक कमी नाय. मी परत म्हनून घेतलं हिच्याकडून."

मला वाटलं, डोळ्यांनी पाहिल्यावर समजूत पटेल. मी फाइल उघडून पडदा तिच्याकडे वळवला. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"ह्या काय, मुंग्या?"

"हेच पाठवलंय हिने."

"मला वाचाया येत नाय बाय. पन ह्ये माझं नाय, येवढं मला कळतंय." ती सरळ झाली. "मला सगळं ध्यानात हाय. परत सांगू?"

तेव्हा सुजाता पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "मॅडम, शफीभाईंच्या कम्प्युटरवर नीट दिसत होतं. मी वाचून बघितलं होतं. खरंच."

मी पर्स उचलली. कॉलेज ते एसटी स्टँड तशी दहा मिनिटांची वाट. म्हातारी पुढे, मी मध्ये, सुजाता मागे. वरात बघायला दुकानदार बाहेर आले.

शफीभाईंनी फाइल उघडली, एक नजर टाकली आणि हसले. "हा तर आपलाच माल. फुलं काढली, बॉर्डर काढली, तुमच्या शब्दाखातर सगळं सोलून दिलं."

"मग हा कचरा कसला?"

"कचरा नाही मॅडम. फॉन्ट नाही."

आरुष, हे तुझ्यासाठी. आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत मराठी टाइप करायची एक जुनी तऱ्हा होती, अजूनही कुठे कुठे आहे. संगणक पोटात इंग्रजी अक्षरंच ठेवायचा. फॉन्ट त्या अक्षरांना वरून मराठीचं सोंग चढवायचा. पडद्यावर दिसायची शुद्ध मराठी, पोटात भलतंच. शफीभाई वर्षानुवर्षं असंच टाइप करत आले होते. छापून द्यायचं असे तोवर कुणाचंच बिघडत नव्हतं. पण साधा मजकूर म्हणजे फॉन्टच काढून घेणं. मी सगळ्यांचं सोंग उतरवायला निघाले होते आणि त्यात एका म्हातारीच्या तोंडचे शब्द उतरवून बसले. फोनवर नव्या पद्धतीने टाइप करणाऱ्या मुलांना याचा त्रास झाला नाही. झाला तो जिच्याकडे फोन नव्हता तिला.

शफीभाईंनी वरची, मराठीची अक्षरं निवडली, यादीतून आपला जुना फॉन्ट काढला आणि एक कळ दाबली. मुंग्या गेल्या. पडदाभर मराठी उभी राहिली.

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आमची वाडी दरीच्या या अंगाला आणि फाटा, दुकान, दवाखाना त्या अंगाला..."

"उतरून चढायचं तर दोन तास," म्हातारी म्हणाली.

शफीभाईंनी पुढची ओळ पाहिली. तेच होतं. "पण हाक..."

"हाक एका दमात जाते. म्हनून आमच्याकडं हाक द्यायचं काम असायचं. माझ्या सासूकडं होतं, मग माझ्याकडं आलं."

पुढे शफीभाईंनी वाचणं सोडलं. ते बोट ठेवून ओळी तपासत गेले आणि पार्वतीबाई सांगत गेली. दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं कागद हातात धरून ऐकत होती.

"कड्यावर जाऊन हुभं ऱ्हायचं. पयलं नाव घ्यायचं. मंग गप. त्या अंगाचा मानूस भायेर येऊन 'ओ' देतो. 'ओ' आल्याबिगर पुढं बोलायचं नाय. मंग दुसरा शब्द. परत 'ओ'. मंग तिसरा. तीनात बसवायचं. जास्ती बोललं की वारा खातो. रडायचं नाय, हसायचं नाय, लांबड लावायची नाय. माझ्या सासूला पयला नातू झाला तवा ती हाक देताना हसाया लागली. शब्द ऱ्हायले बाजूला, त्या अंगाला नुसता आरडा पोचला. समदी कोयत्या-काठ्या घेऊन धावत आली. वाघ आला म्हनून. मंग त्यांना चा करून दिला. दूध संपलं बाळंतिणीचं."

दुकान हसलं. शफीभाई फाइल खाली नेत होते. दोन पानं मराठी संपली, आणि त्याखाली इंग्रजी आलं. दहा-बारा ओळी. स्वच्छ, छोटी वाक्यं. इंग्रजीला फॉन्ट असला काय, नसला काय; माझ्या संगणकावरही त्या ओळी अशाच दिसल्या असत्या. मी तिथवर गेले असते तर.

शफीभाईंनी नाकावरचा चष्मा कपाळावर केला. "वाचून कळतं म्हणाला होतात, मॅडम."

"काय म्हन्तो ह्यो?" पार्वतीबाईने विचारलं.

सुजाता खाली बघत होती. उत्तर मलाच देणं भाग होतं. "म्हणतात, मी अख्खं वाचलं नाही."

"नाय वाचलंत?"

"नाही."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो आवाज स्टँडभर ऐकू जाणार. ती एवढंच म्हणाली, "मंग आता वाचा. मी बसते."

मी शफीभाईंच्या स्टुलावर बसले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मराठी, मग इंग्रजी, मग पुन्हा दोन्ही ताडून. इंग्रजीत तीन चुका होत्या, एकाच प्रकारच्या. घडून गेलेली गोष्ट ती मध्येच आज घडत असल्यासारखी लिहीत होती. मी सतरा गुण दिले.

पण दुकानात दिलेल्या गुणांना अर्थ नसतो. यादी ऑफिसात गेली होती आणि एकदा दिलेला गुण बदलायला प्राचार्यांची सही लागायची. ते एका बैठकीला गेले होते, तीनशिवाय येणार नव्हते. पार्वतीबाईची वर जाणारी एसटी साडेतीनला पोलादपूरहून. त्यासाठी महाड अडीचला सोडायला हवं. ती चुकली तर दुसरी नाही. तिने नातीला स्टँडवर जवळ घेतलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "ही बाई आता वाचनारी झालीय. व्हईल." आणि निकाल न कळताच ती गाडीत बसली.

प्राचार्य सव्वातीनला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुमची चूक? तुमची? थांबा, मला लिहून ठेवू द्या." गेली वीस वर्षं मी त्यांच्या परिपत्रकांतल्या चुका लाल शाईने काढून परत पाठवत होते, त्याची त्यांनी दोन मिनिटांत पुरेपूर भरपाई करून घेतली. मग सही केली. हेडक्लार्कच्या टेबलावर विद्यापीठाची साइट उघडेना; गोल फिरत राहिलं. आम्ही तिघं त्या गोलाकडे बघत उभे. हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, जरा लांब उभ्या राहा, तुमच्याकडे बघून घाबरतंय." पाच वाजायला दहा मिनिटं असताना शून्य गेलं आणि सतरा आले.

मी फळ्यावरची लाल शेऱ्याची यादी काढली. तिथे दुसरा कागद लावला: 'सुजाताला दिलेले शून्य ही माझी चूक होती. मी तिचे काम पूर्ण वाचले नव्हते.' खाली सही. मागे कुणीतरी खाकरलं. शफीभाई. दुकान तसंच टाकून काय झालं ते बघायला आले होते. त्यांनी कागद सावकाश वाचला, अख्खा.

"छान आहे," ते म्हणाले. "एक बॉर्डर मारून देऊ?"

दुसऱ्या दिवशी तो कागद गुलाबाच्या वेलीच्या चौकटीत फळ्यावर होता. मी तो काढला नाही. महिनाभर होता.

पण सहा वाजून गेले तरी त्या संध्याकाळचं काम अजून बाकी होतं. म्हातारीला कळवायचं कसं? वाडीत रेंज नाही. सुजाता म्हणाली, दरीच्या अलीकडे फाट्यावर बाळारामची चहाची टपरी आहे, तिथे फोन लागतो. मी माझा फोन दिला. बाळाराम म्हणाला, म्हातारी चारलाच एसटीतून उतरून दरीत शिरली, आता पलीकडे पोचली असेल. काय निरोप असेल तो द्या, हाक घालतो.

मी फोन घेतला आणि नीट सांगायला लागले. "त्यांना म्हणावं, मॅडमनी सांगितलंय की झाल्या प्रकाराबद्दल त्यांना फार वाईट वाटतंय, सुजाताचे गुण दुरुस्त झाले आहेत, वसतिगृहाची काळजी नको, आणि त्यांच्या बोलण्याचं..."

सुजाताने फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला. दोन वर्षांत त्या मुलीने माझ्यासमोर मान वर केली नव्हती.

"मॅडम, एवढं नाय जात. वारा खातो." आणि फोनमध्ये म्हणाली, "बाळारामकाका, सांगा. सुजाता. सतरा. पास."

फोन चालूच होता. आम्हाला बाळारामची हाक ऐकू आली, पहिला शब्द लांबवलेला. मग शांतता. मी, सुजाता आणि शफीभाई कॉलेजच्या फाटकात एका फोनभोवती डोकी घालून उभे. मग फार लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा एक आवाज: "ओ." दुसरा शब्द. "ओ." तिसरा. या वेळी 'ओ' यायला वेळ लागला. मग आला, आणि त्यामागून आणखी काहीतरी.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

बाळाराम फोनवर आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "म्हन्ते, तीन कुठं गेले? हुभी हाय कड्यावर. काय सांगू?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीतला भूतकाळ दरीपलीकडे कसा पाठवायचा, हे मला कुठल्याच विद्यापीठाने शिकवलं नव्हतं. मी मान हलवली. तीच म्हणाली, "सांगा, पुढच्या वेळी वीस."

मी मोजले. तीन शब्द. हाका गेल्या, 'ओ' आले, आणि शफीभाई आपल्या दुकानाकडे निघाले.

पुढच्या वेळी तिला अठरा मिळाले. सुजाता आता नाते गावाजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, आणि मला कळलंय की चौकटी आखलेल्या वह्या ती परत पाठवते. माझी नोटीस मी निवृत्त होईपर्यंत तशीच ठेवली. फक्त शेवटचा नियम काढला आणि त्या जागी दुसरा घातला: फाइल उघडली नाही किंवा नीट दिसली नाही, तर मॅडम तुम्हाला बोलावतील. दर वर्षी दोघा-तिघांना बोलवावं लागायचं. त्यांतला एखादा प्रथमेशच्या जातीचा निघायचाच. पण तोही समोर बसवून, वाचून मगच.

तर ईरा, दे तुझ्या सरांना साध्या मजकुरात. त्यांची मागणी योग्य आहे. ते अख्खं वाचतात का, तेवढं बघ. आणि हा लेख तुम्हा दोघांचा वाचून झाला की मला लांबलचक काही लिहीत बसू नका, फुलं आणि हसरे चेहरे तर मुळीच पाठवू नका.

नुसता 'ओ' द्या.